बागेतल्या गाडीची शेवटची पाहणी

सकाळी नळाला पाणी आले तेव्हा मी जागीच होते. बादली भरली, कळशी भरली, घरमालकीण इंगळेकाकूंची पितळी घागर त्यांच्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवली आणि स्टोव्हवर चहाचे आधण चढवले. समोरच्या गोठ्यातल्या म्हशीने नेहमीचा तक्रारीचा सूर लावला होता. खोलीत रोजच्यापेक्षा वेगळी अशी एकच गोष्ट होती. गादी, चादरी आणि रजई यांची वळकटी करून ती मी आदल्या संध्याकाळी बाजारातून आणलेल्या निळ्या नायलॉनच्या दोरीने करकचून बांधली होती आणि रात्री नुसत्या चटईवर झोपले होते. मला जाण्याची इतकी घाई झाली होती.

पदव्युत्तर शिक्षण संपताच मला शासनाची एक वर्षाची फेलोशिप मिळाली होती. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींनी स्थानिक कारभारात हातभार लावावा, हा तिचा उद्देश. माझ्या मैत्रिणी जिल्ह्यांच्या ठिकाणी गेल्या आणि मला मिळाली वऱ्हाडातली धामणखेड नगरपरिषद. ‘फेलो’ नावाच्या माणसाचे काय करायचे, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. आस्थापना विभागाला माझ्यासाठी खुर्ची मंजूर करता येईना, म्हणून एक तोड निघाली. ज्या दिवशी जो कर्मचारी रजेवर असेल, त्या दिवशी मी त्याच्या खुर्चीत बसायचे. अशा रीतीने पाणीपुरवठा, मालमत्ता कर, आरोग्य, दिवाबत्ती अशी सगळी खाती मी अक्षरशः बसून पाहिली होती. नाशिकला आई मात्र नातेवाइकांना सांगत असे, “आमची हेमांगी कलेक्टर ऑफिसात असते.” तिचे हे सांगणे एकदा खरे करून टाकावे, म्हणून मी जिल्हा कार्यालयात बदली मागितली होती. तो अर्ज मुख्याधिकारी सावरबांधे साहेबांच्या टेबलावर काचेच्या पेपरवेटखाली पडून होता.

आदल्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतले. “कुदळे, उद्या बागेतल्या गाडीचं निर्लेखन उरकून टाका. समितीत तिघं आहात. गुल्हाने, तायडे मॅडम आणि तुम्ही. अहवाल टाइप झालाय. दुपारच्या टपालानं तो जिल्ह्याला गेला, की मी तुमच्या अर्जावर शिफारस लिहितो. तिकडे जागा रिकामीच आहे. संध्याकाळच्या एसटीनं तुम्ही मोकळ्या.”

निर्लेखन म्हणजे एखादी सरकारी वस्तू निकामी झाल्याचे ठरवून तिचे नाव दप्तरातून काढून टाकणे. मग ती भंगारात जाते. बागेतली लहान मुलांची गाडी कित्येक वर्षे उभीच होती आणि तिच्या रुळांच्या जागी दुकानांचे गाळे काढायचे ठरले होते.

बागेत पोहोचले तेव्हा बांधकाम अभियंता गुल्हाने साहेब फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर विसावले होते. ते देहाने भरघोस होते आणि उभे राहण्याच्या सर्वस्वी विरुद्ध होते. लेखापाल प्रमिला तायडे शेजारी उभ्या राहून पर्समधले फुटाणे खात होत्या. पुढ्यात ती गाडी. तीन उघडे डबे आणि पुढे इंजिन. इंजिनाच्या तोंडावर पत्र्याचा मोठा हत्ती. हत्तीचा रंग उडाला होता, पण चेहऱ्यावरचे हसू शाबूत होते.

“या फेलो मॅडम,” गुल्हाने म्हणाले, “पहिली सही तुमची.”

“माझी का?”

“आपल्याकडे सही खालून वर जाते. लहानानं केली की मोठ्यानं त्याच्या आधारावर करायची. उद्या काही झालं तर आधार पाहिजे ना!”

मी अहवाल वाचला. त्यात लिहिले होते, ‘समितीने सदर गाडी प्रत्यक्ष चालवून पाहिली असता ती चालत नसल्याचे आढळून आले.’

“केव्हा चालवून पाहिली?” मी विचारले. माझ्या मनात कसलाही विरोध नव्हता. परीक्षांमुळे प्रत्येक वाक्य तपासून वाचायची सवय लागलेली असते, म्हणून विचारले.

गुल्हान्यांनी हत्तीकडे पाहिले. हत्ती हसत होता.

तायडे मॅडमचा फुटाणा हातातच राहिला. “हे बाकी मॅडमनं बरोबर इचारलं हो. चालवून पाह्यली म्हणता, तं डिझेल लागलं असन. मग डिझेलचं बिल कुठं हाय? ऑडिटवाला हेच इचारन आधी.”

“अहो मॅडम, गाडी चालणार नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.”

“गावाले मालूम असून काय करता? बिल पाह्यजे.”

अशा रीतीने, गाडी चालवण्यासाठी नव्हे, तर ती चालत नाही याला बिलाचा आधार असावा म्हणून डिझेल आणायचे ठरले. शिपाई कॅन घेऊन पंपावर गेला आणि काठोकाठ भरून परतला. थोडक्यासाठी पंपवाला बिल फाडत नव्हता. जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवरून वासुदेव कोरडे यांनाही बोलावून घेतले. पूर्वी ते या गाडीचे चालक होते. ते पद रद्द झाल्यापासून ते गावात जन्मलेल्यांची आणि गेलेल्यांची नावे लिहीत असत.

कोरडे जवळजवळ धावतच आले. हातात नोंदणीचा शिक्का तसाच होता. त्यांनी हत्तीच्या सोंडेला हात लावून तो कपाळाला लावला.

“चालेल का हो?” मी विचारले.

“काहून नाई चालन? दर दसऱ्याले हार घालतो, तेलपाणी करतो मी इचं. घरच्यापेक्षा इच्याकडं जास्त लक्ष देतो म्हणून बायको बोलते मले.”

“बरं, ते राहू द्या,” गुल्हाने म्हणाले. “डिझेल टाका, दोन धक्के मारा, चालली नाही की मोकळे. मी जरा सावलीत बसतो.” आणि बाकावर ऊन आल्यामुळे ते अहवाल खिशात घालून पहिल्या डब्यात जाऊन बसले. तायडे मॅडमही त्यांच्यासमोर बसल्या. बागेतल्या एका माळ्याने जुन्या सवयीने त्यांच्यापुढचा आडवा दांडा खाली पाडला आणि बाहेरून खिट्टी लावली.

कोरडे डिझेल ओतून इंजिनावर बसले आणि मी, शिपाई व दोघे माळी मागून ढकलू लागलो. चाके कुरकुरली. हत्तीच्या कानामागून काळ्या धुराचा एक गोळा निघाला. इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि मग शेतातल्या पंपासारखा टुकटुक आवाज करत ती गाडी आमच्या हातांतून पुढे निघून गेली.

त्या क्षणी मी काय विचार केला, हे मला आजही सांगता येत नाही. मी धावले. ओढणी सावरत शेवटच्या डब्याचा दांडा पकडला आणि उडी मारून आत पडले.

“चालली!” कोरडे ओरडले. “चालली वो माय!”

गाडी माणसाच्या चालीने, पण मोठ्या ऐटीने निघाली. गुलाबाच्या वाफ्यांवरून, कोरड्या कारंज्याला वळसा घालून, बांबूच्या बेटामागून पुन्हा फलाटाकडे. वाटेत झाडांच्या फांद्या इतक्या खाली आल्या होत्या, की गुल्हान्यांच्या डोक्यावर बहाव्याची पिवळी फुले पडली. फलाट जवळ आला तेव्हा मी डबे ओलांडत पुढे सरकले होते.

“छान. आता थांबवा, कोरडे,” गुल्हाने म्हणाले.

“कशी थांबवू?”

“कशी म्हणजे? ब्रेक मारा.”

“ब्रेक कुठं हाय साहेब इले? बंद कराचा एक खटका होता. मंत्री येणार होते तवा सुशोभीकरणात हा हत्ती बसवला. ठेकेदारानं पत्रा ठोकला तो खटक्यावरच.”

फलाट शांतपणे आमच्या बाजूने निघून गेला.

“मग इतकी वर्षं तुम्ही गाडी थांबवत कसे होता?”

“थांबत नाई ना साहेब,” कोरडे मागे वळून समजुतीने म्हणाले. “संपते. तीन चकरांपुरतं डिझेल मापून टाकायचो. फलाटावर आली की आपोआप संपायची.”

“आणि आज किती टाकलंत?”

“तुमी म्हतलं, डिझेल टाका. किती, ते नाई म्हतलं. मी आख्खा कॅन टाकला.”

गुलाबाचे वाफे पुन्हा समोर आले. मग तायडे मॅडमच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटले, त्या घाबरल्या. त्या हसत होत्या. आधी पदरात, मग उघडपणे, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांचे पाहून मलाही हसू फुटले आणि ते काही केल्या आवरेना.

“हसता काय?” गुल्हाने दांड्याशी झटापट करत म्हणाले. “ए, ती खिट्टी काढ रे!”

शिपाई गाडीबरोबर चालत खिट्टी ओढत होता. ती गंजली होती. “निघत नाई साहेब. उडी मारता का वरून?”

“वर्ग दोनचा अधिकारी आहे मी. उडी मारू?”

पुढच्या चकरेपर्यंत बातमी बाजारपेठेत पोहोचली होती. मंगळवार हा धामणखेडच्या बाजाराचा बंद दिवस. दुकानदार मोकळेच होते. कुंपणापलीकडे माणसे जमली. नगरपरिषदेच्या शाळेची मधली सुट्टी झाली आणि पोरांचा लोंढा फाटकातून आत घुसला. गाडी थांबण्याची वाट कोणी पाहिली नाही. मागचे दोन डबे बघता बघता भरले. मी दोन्ही बाजूंना हात पसरून ओरडत होते, “बसून राहा! पाय आत घ्या!” माझे कोणी ऐकत नव्हते आणि मला त्याचा अजिबात राग येत नव्हता.

कार्यालयातली माणसे तायडे मॅडमना शोधत बागेतच आली. पाणीपुरवठ्याचा लिपिक गाडीबरोबर चालत फाईल पुढे करू लागला.

“मॅडम, इथं सही.”

“हात हालते रे बापा. वळण गेलं की करतो,” तायडे मॅडम म्हणाल्या आणि कारंज्यानंतरच्या सरळ रुळावर त्यांनी खरोखरच सही केली. “पाह्यलं का फेलो मॅडम? हापिसात एका सहीले आठवडा लागते. इथं एका चकरेत काम झालं.”

चौथ्या की पाचव्या चकरेला फलाटावर मुख्याधिकारी सावरबांधे साहेब उभे दिसले. अंगावर पांढरा शर्ट, कपाळावर आठी. त्यानंतरचे आमचे संभाषण दर चकरेला एक वाक्य या गतीने झाले, कारण गाडी तेवढाच वेळ त्यांच्यासमोर असे.

“कुदळे, अहवाल कुठे आहे?” त्यांनी विचारले.

“सर, गाडी चालते!” मी ओरडले आणि आम्ही बांबूच्या बेटाकडे निघून गेलो. पुन्हा समोर आलो, तेव्हा ते उत्तर तयार ठेवून उभे होते.

“ते मला दिसतंय! अहवाल कुठे आहे?”

“गुल्हाने साहेबांच्या खिशात! आणि गुल्हाने साहेब दांड्यात!”

त्यापुढच्या चकरेला साहेब पुढे सरसावले. फलाटावरून गाडीसोबत चार पावले चालले, फायलीची पिशवी माझ्या हातात फेकली आणि आत आले. एक लहान मुलगी जागा करून देण्यासाठी सरकली आणि साहेब बसताच सहजपणे त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. साहेबांनी तिला उतरवले नाही.

“हा हत्ती कोणी बसवला?” त्यांनी हळूच विचारले.

“तुमच्या आधीच्या साहेबांनी,” गुल्हाने म्हणाले.

साहेबांनी मान हलवली. गाडी गुलाबांवरून गेली. मागे पोरे एकसुरात शिटी वाजवत होती. मला वाटते, साहेबांच्या ओठांचा कोपरा एकदा हलला. पण त्यांनी तो वेळीच आवरला.

“कुदळे,” ते म्हणाले, “गाळ्यांचा प्रस्ताव वरून आलेला आहे. अहवाल गेला नाही, तर मला उत्तर द्यावं लागेल. तुमची शिफारस मी या कामाला जोडायला नको होती, पण आता जोडली आहे. सही तुमची आहे. मी सक्ती करणार नाही.”

तेवढ्यात इंजिनाने एक दीर्घ उचकी दिली, आणि बांबूच्या बेटामागे, फलाटापासून पार दूर, गाडी संपली. एकदम शांतता झाली. मग सगळी पोरे एका आवाजात म्हणाली, “अजून!”

माळ्याने हातोडीने खिट्टी तोडली. साहेब कार्यालयाकडे निघून गेले. गुल्हान्यांनी खिशातून अहवाल काढला आणि गुडघ्यावर सारखा केला. तायडे मॅडमनी मला पेन दिले. कोरडे हत्तीला टेकून उभे होते. त्यांच्या शर्टावर डिझेलचे डाग पडले होते आणि ते आमच्याकडे पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते.

मला संध्याकाळची एसटी दिसत होती. आईचा आवाज ऐकू येत होता. मी ते टाइप केलेले वाक्य खोडले आणि त्याच्यावर लिहिले, ‘समितीने गाडीत बसून पाहणी केली. गाडी चालते. थांबवण्याची सोय करणे आवश्यक.’ खाली सही केली.

गुल्हाने बराच वेळ वाचत राहिले. “मॅडम, तुमची बदली?”

मी पेनाचे टोपण लावायला घेतले.

“आणा तो पेन,” ते म्हणाले. “स्वतः आत अडकून पडलो होतो. चालत नाही असं कुठल्या तोंडानं लिहू?”

तायडे मॅडमनी सही करून खाली रेघ ओढली. “बिल बी जोडा. पक्कं हाय.”

साहेबांनी अहवाल उभ्यानेच वाचला. “जिला थांबवता येत नाही ती गाडी चालते, असं म्हणता येत नाही,” ते म्हणाले. “त्या गाडीत मुलं बसणार आहेत. टपाल जायच्या आत ती फलाटावर थांबवून दाखवा. नाहीतर मला दुसरी समिती नेमावी लागेल.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांचे म्हणणे योग्यच होते.

बागेत परतले तेव्हा गाडी ढकलून फलाटावर आणलेली होती आणि कोरडे व दोघे माळी छन्नीने हत्तीच्या मानेचा पत्रा तोडत होते. पत्रा दुमडला, तेव्हा आतला खटका दिसला. वर्षानुवर्षांच्या काजळीत तसाच.

“पण हात नाई घालता येत,” कोरडे घाम पुसत म्हणाले. “शेजारून पट्टा फिरते. बोटं तोडन. दोरी बांधून बाहीर काढली पाह्यजे. मजबूत.”

माळ्याने सुतळी आणली. पहिल्याच हिसक्याला ती तुटली. बाजार बंद होता. दोरीच्या दुकानाचा मालक तर कुंपणापाशीच उभा होता. पण दुकानाची किल्ली भावाकडे आणि भाऊ लग्नाला गेलेला.

“विहिरीचा दोर?” गुल्हाने म्हणाले.

“जाड होतो साहेब. पत्र्यातून जाणार नाई.”

मी फाटकातून बाहेर पडले.

इंगळेकाकू ओट्यावर गहू निवडत होत्या. “निघालीस का वं?” त्यांनी विचारले. मी मानेनेच नाही म्हटले आणि खोलीत गेले. गाठ मी इतकी आवळली होती, की ती दातांनी सोडवावी लागली. दोरी सुटताच वळकटी हलकेच उलगडली आणि गादी आपल्या जुन्या जागी जमिनीवर पसरली. मी दोरी हाताला गुंडाळली आणि धावतच परत गेले.

कोरड्यांनी दोरी ताणून पाहिली, खटक्याला बांधली आणि तिचे दुसरे टोक चालकाच्या बैठकीपाशी आणले. या वेळी डिझेल मोजक्याहून थोडे जास्त टाकले, म्हणजे गाडी ‘थांबली’ का नुसतीच ‘संपली’, हा वाद राहणार नव्हता. डब्यांत समितीखेरीज कोणी नव्हते. मुलांना माळ्यांनी कुंपणापाशी धरून ठेवले होते. दांडा मात्र गुल्हान्यांनी लावू दिला नाही. फलाटावर सावरबांधे साहेब टपालाची पिशवी घेऊन उभे होते.

गाडी सुटली. गुलाब, कारंजे, बहावा. बांबूच्या बेटामागून आम्ही बाहेर आलो आणि फलाट दिसू लागला. कोरड्यांनी दोरी दोन्ही हातांनी धरली. तायडे मॅडमनी माझा हात धरला. गुल्हान्यांनी डोळे मिटले.

कोरड्यांनी दोरी ओढली. टुकटुक मंदावली, एकदा अडखळली आणि थांबली. आणखी थोडे घरंगळून हत्ती साहेबांपासून हातभर अंतरावर, हसत उभा राहिला.

कुंपणापलीकडून जो आवाज उठला, तसा मी त्यानंतर कुठल्याही सरकारी कार्यक्रमात ऐकला नाही. गुल्हाने डब्यातून उतरले आणि कोणाला काही कळायच्या आत त्यांनी कोरड्यांना उचलले.

साहेबांनी आमचा अहवाल टपालाच्या पिशवीत टाकला. मग खिशातून माझा अर्ज काढला. त्याच्या तळाशी त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात शिफारस लिहिलेली होती.

“ही मी तासाभरापूर्वीच लिहिली,” ते म्हणाले. “गाडी थांबली नसती तरी दिली असती. जावक विभागाच्या खिडकीवर नोंद करून द्या. याच टपालानं जाईल.”

मला आभार मानायचे होते. साहेब तोवर वळून निघाले होते.

कोरडे माझ्याजवळ आले. दोरीच्या टोकाला माझ्या गादीतला कापूस चिकटला होता. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला, मग माझ्याकडे पाहिले.

“मॅडम, दोरी उद्या मी दुसरी आणतो. ही घेऊन जा. संध्याकाळी सामान बांधाले लागन तुमाले.”

“राहू द्या तिथंच,” मी म्हटले.

मी कार्यालयात परतले. जावकच्या खिडकीवर लिपिकाने पिशवीचे तोंड अजून बांधले नव्हते. त्याने हात पुढे केला. मी अर्जाची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली, पुढे आस्थापना विभागात गेले आणि विचारले, “उद्या कोण रजेवर आहे?”